दहा महिन्यांत आयसीयू सोडून डायलिसिसला जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नर्सिंग संपल्यावर थेट आयसीयूत पोस्टिंग मिळालं, त्याला दहा महिने झाले. काम येतं, पण ड्यूटीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. त्याच हॉस्पिटलच्या डायलिसिस युनिटमध्ये एक जागा निघाली आहे आणि तिथे जावंसं वाटतं. सीनियर म्हणतात, निदान दोन वर्षं काढ. मैत्रिणी म्हणतात, आयसीयू सोडून डायलिसिसला कोण जातं, शिकलेलं सगळं विसरशील.

मी या कामात चोवीस वर्षं आहे. आयसीयूत सोळा महिने काढून मी डायलिसिसला गेले आणि तिथे नऊ वर्षं होते. मग पुन्हा आयसीयूत इनचार्ज म्हणून आले. आता नव्या स्टाफला तयार करायचं काम माझ्याकडे आहे. वयाने मोठी आहे म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी झोपेचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. झोप का उडाली आहे हे तुझं तुलाच नक्की कळलेलं नसेल तर विभाग बदलायचा निर्णय आज घेऊ नकोस. पहिल्या वर्षात झोप उडणं हे फार जणींच्या वाट्याला येतं. नर्सिंगच्या अभ्यासक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ साली याला ‘रिअॅलिटी शॉक’ असं नाव दिलं. कॉलेजात शिकवलेली शुश्रूषा आणि प्रत्यक्ष ड्यूटीवर हाती लागणारी शुश्रूषा यांत जी दरी असते, तिच्यात नवी नर्स पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. सुरुवातीचे काही दिवस सगळं छान वाटतं, मग एकदम सगळ्याचा राग येतो, आणि हळूहळू माणूस सावरतं. दहाव्या महिन्यात तू यात नेमकी कुठे आहेस, हे बाहेरून मला सांगता येणार नाही. पण तुला शोधता येईल.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी एक काम सांगते. एक छोटी वही घे. पुढच्या वीस ड्यूट्या, ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवून झाल्यावर, कपडे बदलायच्या आधी दोन ओळी लिही. पहिली ओळ : आज वेळ कधी गेला ते कळलं नाही? दुसरी : आज पोटात गोळा कधी आला? कारणं लिहू नकोस, फक्त प्रसंग लिही. वीस ड्यूट्या झाल्यावर सलग वाच.

एका मुलीची वही मला आठवते. तिला आयसीयू नको झालं होतं, तिची खात्रीच होती. वही वाचली तर वीसपैकी तेरा वेळा पोटातला गोळा एकाच माणसाशी जोडलेला होता. राउंडच्या वेळी सगळ्यांसमोर पाणउतारा करणारे एक वरिष्ठ होते. आयसीयूचं काम तिला आवडत होतं. तिला विभाग बदलायची गरज नव्हती, शिफ्ट बदलायची होती आणि त्या वागण्याची लेखी तक्रार करायची होती. ती तिने केली. दुसऱ्या एकाच्या वहीत प्रत्येक गोळा हा सलग चौथ्या नाइटचा होता. त्याला विश्रांती हवी होती. अशी माणसं विभाग बदलतात, नव्या जागी तीच नाइट आणि तसाच माणूस भेटतो, आणि मग त्यांना वाटतं की आपण नर्सिंगलाच लायक नाही. हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण त्यातली काही उत्तम नर्स झाली असती.

वहीत आणखी एक गोष्ट निघू शकते, आणि ती आयसीयूत हमखास निघते. पेशंट बरा होणार नाही हे सगळ्यांना दिसतंय, तरी आपण त्याला सुया टोचतोय, नळीने कफ ओढतोय (सक्शन), हात बांधतोय. नातेवाइकांशी कुणी नीट बोललेलं नाही, आणि बोलायचा अधिकार आपल्याला नाही. योग्य काय ते कळतं, पण करता येत नाही. नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली नर्सिंगच्या संदर्भात याला ‘मॉरल डिस्ट्रेस’, म्हणजे नैतिक घुसमट म्हटलं. हा थकवा सुट्टी घेऊन जात नाही. तुझ्या झोपेचं कारण हे असेल तर एक सांगून ठेवते : डायलिसिसमध्येही हे भेटतं. ऐंशी वर्षांचे आजोबा, अंथरुणाला खिळलेले, आठवड्यातून तीनदा स्ट्रेचरवरून येतात, प्रत्येक वेळी मशीनवर बीपी पडतं आणि ते पुटपुटतात, ‘आता पुरे’. ते कुणी ऐकायचं हा प्रश्न तिथेही आहे. फरक इतकाच की तिथे तुझी त्यांच्याशी दोन वर्षांची ओळख असते, म्हणून तू डॉक्टरांना आणि घरच्यांना हे सांगू शकतेस आणि तुझ्या शब्दाला वजन येतं.

आता मैत्रिणींचं म्हणणं. हॉस्पिटलात कुठेही न लिहिलेली एक उतरंड असते. आयसीयू, ओटी (ऑपरेशन थिएटर), कॅज्युअल्टी (अपघात विभाग) वर. वॉर्ड मधे. डायलिसिस, ओपीडी, मनोविकार विभाग, पॅलिएटिव्ह (बरे न होणाऱ्यांचा त्रास कमी करणारा विभाग) खाली. ही उतरंड कशावरून ठरते ते जरा बघ. जिथे मशीन जास्त आणि धावपळ जास्त, तो विभाग वरचा. पेशंटला काय लागतं याचा तिच्याशी संबंध नाही. सिसिली सॉन्डर्स सुरुवातीला नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना नर्सिंग सोडावं लागलं. मग त्या हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या, त्यानंतर वैद्यकीय शिक्षण घेऊन १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. मरणाऱ्या माणसाची काळजी हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे जगाने त्यांच्याकडून शिकलं. उतरंडीच्या हिशेबाने त्या सगळ्यात खालच्या विभागाकडे गेल्या होत्या.

डायलिसिसला ‘सोपं’ म्हणणाऱ्यांनी तिथे एक शिफ्ट उभं राहून पाहावं. मशीनमधून मिनिटाला साधारण तीनशे मिलिलिटर रक्त फिरत असतं. रक्त परत नेणारी सुई निसटली तर दहा मिनिटांत तीन लिटर रक्त जमिनीवर. मोठ्या माणसाच्या अंगात जेमतेम पाच लिटर असतं. परतीच्या नळीतला दाब सांगणारा व्हीनस प्रेशरचा अलार्म प्रत्येक वेळी वाजेलच असं नाही. म्हणून तिथला पहिला नियम असा : फिस्टुलाचा हात, म्हणजे सुया घालण्यासाठी ऑपरेशनने धमनी आणि शीर जोडलेला हात, चादरीखाली जाऊ द्यायचा नाही, पेशंटला कितीही थंडी वाजली तरी. दुसरं, पाणी. रक्तातली घाण ओढून घेणारं द्रावण, म्हणजे डायलिसेट, मिनिटाला पाचशे मिलिलिटर धरलं तर चार तासांत एकशे वीस लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून, एका पातळ पडद्यापलीकडून वाहतं. त्या पाण्यात नळाचं पाणी जंतुमुक्त करायला वापरलेलं क्लोरामाइन राहिलं तर तांबड्या पेशी फुटतात. सकाळी पहिला पेशंट लावायच्या आधी पाण्याची तपासणी होते, तिच्या नोंदीखाली सही असते, आणि ती सही कधी तरी तुझी असेल. हे खालच्या पायरीचं काम नाही.

तरी सीनियरचं ‘दोन वर्षं काढ’ हे उडवून लावण्यासारखं नाही, आणि त्या वाक्यामागे काय आहे ते समजून घेतलंस तर उपयोग होईल. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नर्सच्या वाढीचे पाच टप्पे मांडले : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. सक्षम म्हणजे जी त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं आहे, आपल्या कामाची आखणी स्वतः करते, आणि काय आत्ता करायचं, काय थांबू शकतं हे तिला कळतं. सीनियर बहुधा या टप्प्याबद्दल बोलतात. पण बेनर यांचं आणखी एक म्हणणं आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. कितीही अनुभवी नर्स असू दे, ज्या प्रकारचे पेशंट तिने कधी सांभाळलेच नाहीत, त्यांच्यात ती गेली की ती पुन्हा नवशिकी होऊ शकते. विभाग बदलण्याची खरी किंमत ही आहे. ती दहाव्या महिन्यातही द्यावी लागते आणि दहाव्या वर्षीही.

मी ती किंमत कशी दिली ते सांगते.

आयसीयूत माझा हात चांगला बसला होता. शॉकमधल्या पेशंटची दबलेली शीर मला मिळायची, रात्री दुसऱ्या बेडवरून मला बोलावणं यायचं. डायलिसिसमध्ये तिसऱ्या आठवड्यात मी एका काकांच्या फिस्टुलात सुई घालायला बसले. अकरा वर्षांची जुनी फिस्टुला, दंडावर दोरखंडासारखी फुगलेली. मला वाटलं, ही तर डोळे मिटून लागेल. मी सवयीने डोळ्यांनी बघितलं, जाड दिसली तिथे सुई घातली, रक्त आलं, आणि आयसीयूतल्या सवयीने सुई आणखी पुढे सरकवली. पलीकडची भिंत फुटली. पंप सुरू करताच दंड माझ्या डोळ्यांसमोर फुगला, टणक झाला. काकांनी तोंडातून आवाज काढला नाही, फक्त दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

सीनियर सिस्टरने पंप थांबवला, जागा दाबून धरली, बर्फ लावला, आणि तासाभराने वरच्या बाजूला दुसरी सुई घालून डायलिसिस सुरू केलं. संध्याकाळी तिने मला त्याच काकांसमोर बसवलं आणि सांगितलं, ‘आता बघू नकोस. तीन बोटं ठेव आणि काय जाणवतं ते सांग.’ बोटांखाली थरथर होती, मांजर घुरघुरतं तशी. एका ठिकाणी ती थरथर जाऊन नुसते ठोके लागत होते. ‘तिथे पुढे वाट अरुंद झाली आहे,’ ती म्हणाली. काका म्हणाले, ‘सिस्टर, पुढच्या वेळी आधी मला विचारा. हा हात मला पाठ आहे.’

त्यांच्या दंडावरचा निळा डाग पंधरा दिवस राहिला. आयसीयूत आपल्या चुकीचा डाग आपल्याला फार दिवस दिसत नाही, पेशंट वॉर्डात जातो. डायलिसिसमध्ये तो आठवड्यातून तीनदा समोर येऊन बसतो आणि ‘कशा आहात सिस्टर’ असं विचारतो. त्या पंधरा दिवसांत मी दोनदा आयसीयूत परत जायचा अर्ज लिहिला आणि फाडला.

हे एवढ्यासाठी सांगते की तुलाही हे होणार आहे. फिस्टुला नसेल तर दुसरं काही असेल. जिला लोक विचारायला यायचे, तिला मशीनला लाइन लावताना कुणाला तरी विचारावं लागेल. तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान टेक्निशियन तुला शिकवेल. ‘मला येत नाही’ हे वाक्य पहिल्या दिवसापासून तोंडात ठेव. ते जी म्हणत नाही तिच्या हातून पेशंटला इजा होते. आयसीयूची सवय कधी कधी आड येते, हेही लक्षात ठेव. डायलिसिसवर बीपी पडलं की मी लगेच सलाइनकडे धावायचे. तिथल्या जुन्या सिस्टर आधी पाणी काढणं बंद करायच्या, खुर्ची मागे झुकवून पाय वर घ्यायच्या, लागलं तर सलाइन द्यायच्या, आणि मग शांतपणे विचारायच्या, ‘सकाळची बीपीची गोळी घेऊन आलात का?’ मॉनिटरवर नसलेलं उत्तर पेशंटकडे असतं, हे मला तिथे कळलं.

पण सोबत काही येतं का? येतं, आणि तुझ्या मैत्रिणींना हेच माहीत नाही.

डायलिसिसला गेल्यावर सातव्या-आठव्या महिन्यातली गोष्ट. दोन दिवसांच्या गॅपनंतर एक मावशी आल्या. हा दोन दिवसांचा गॅप डायलिसिसच्या पेशंटला सगळ्यात धोक्याचा असतो, पाणी आणि पोटॅशियम दोन्ही साठतं. त्या नेहमी हसत येणाऱ्या, त्या दिवशी भिंतीचा आधार घेत आल्या. ‘आज पाय उचलतच नाहीत गं.’ बाकी तक्रार नाही. बीपी ठीक. युनिटची पद्धत अशी की आधी वजन, मग खुर्ची, मग बाकीचं. मला त्यांची चाल आवडली नाही. आयसीयूत अशी ओढलेली पावलं मी पाहिली नव्हती, तिथे कुणी चालतच नाही, पण चेहऱ्यावरचा तो राखाडी रंग मी पाहिला होता. मी वजन सोडून दिलं आणि आधी ईसीजीच्या लीड लावल्या. ईसीजीतल्या टी वेव्ह तंबूसारख्या उंच आणि टोकदार, क्यूआरएस हा भाग रुंद व्हायला लागलेला, म्हणजे पोटॅशियम धोक्याइतकं वाढल्याची खूण. डॉक्टरांना बोलावलं, हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं गेलं, आणि रिपोर्टची वाट न बघता मशीन लावलं. पोटॅशियम ७.६ आलं. मावशी चार तासांनी आपल्या पायांनी घरी गेल्या.

ते आयसीयूच्या सोळा महिन्यांनी दिलेलं होतं. हाताचं कसब विभागागणिक बदलतं, ते मागे राहतं. डोळा सोबत येतो. पेशंटकडे बघून काहीतरी बिनसलं आहे असं वाटणं, त्या वाटण्यावर विश्वास ठेवून पाऊल उचलणं, डॉक्टरांना काय आणि किती शब्दांत सांगायचं ते कळणं, हे कुठेही उपयोगी पडतं. म्हणून मी ‘किती महिने झाले’ असं विचारत नाही, डोळा तयार झाला का ते विचारते. तू स्वतःला विचारून बघ. आकडे बिघडायच्या आधी, नुसतं पेशंटकडे बघून, कुणाला बोलावलं आहेस का, आणि ते बरोबर निघालं का? दोन पेशंट एकदम बिघडले तेव्हा कुणाकडे आधी जायचं ते न विचारता ठरवलंस का? स्वतःची एक तरी चूक स्वतः रिपोर्ट केलीस, आणि त्यानंतर पुढची ड्यूटी नीट केलीस का? नव्या आलेल्या मुलीला एक तरी गोष्ट अशी शिकवलीस का, की आता ती तुझ्याशिवाय करते?

तिन्ही-चारी उत्तरं ‘हो’ असतील तर दहा महिने पुरेसे आहेत, सीनियर काहीही म्हणोत. दोन ‘नाही’ असतील आणि झोपेचं कारण सुसह्य असेल, तर आणखी सहा-आठ महिने थांब, आणि ते नुसते ढकलू नकोस. ज्या दोन गोष्टी राहिल्या त्या मिळवायला वापर. पण अंगावर काही येत असेल, म्हणजे पाठ गेली, ड्यूटीच्या विचाराने उलट्या होतात, जगणं नकोसं वाटतं, तर कुठलेही महिने मोजू नकोस. आधी डॉक्टरकडे जा, समुपदेशन घे, आणि इनचार्जला सांग. डोळा पुढेही तयार होईल.

आता निघायचं ठरलंच तर काही व्यवहाराच्या गोष्टी.

एका वेळी एकच गोष्ट बदल. तुझी जागा त्याच हॉस्पिटलात निघाली आहे, हे तुझं नशीब. औषधांचं कपाट कुठे आहे, ब्लड बँकेचा फोन कुठला, कुठले डॉक्टर रात्री उचलतात, हे तुला माहीत आहे. ज्या मुली हॉस्पिटल, गाव आणि विभाग तिन्ही एकदम बदलतात, त्यांना पहिले तीन महिने कापूस शोधण्यातच जातात, आणि शिकायला डोकं उरत नाही.

सांगायचं तर आधी तुझ्या इनचार्जला सांग. पॅसेजमधून तिच्या कानावर गेलं की तिला ते लागतं, आणि तिने दिलेला शब्द नव्या विभागात उपयोगी पडतो. ‘मला आयसीयू झेपत नाही’ असं म्हणू नकोस, ते खरंही नाही. ‘मला जुनाट आजाराच्या पेशंटसोबत लांब पल्ल्याचं काम करायचं आहे’ असं म्हण. पण हे तुझ्या वहीतून खरंच निघालं असेल तरच. वेळ कधी गेला ते कळलं नाही असे तुझे प्रसंग जर पेशंट शुद्धीवर येऊन बोलायला लागल्यानंतरचे असतील, तर डायलिसिस तुझ्यासाठी आहे असं मी छातीठोकपणे सांगेन. आणि जर ते सगळे इंट्युबेशनचे (श्वासनलिकेत नळी घालण्याचे), धावपळीचे असतील, तर तुला कॅज्युअल्टी बघायला हवी. तिथे दिवसातून दहा वेळा सुरुवात असते आणि एकाही पेशंटचा शेवट आपल्याला कळत नाही. काहींना ते मानवतं. ओटीत पेशंट झोपलेला, मोप (ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचे कापडी तुकडे) मोजण्यातली शिस्त आणि तासन्‌तास उभं राहणं. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, दशांश चिन्हाची एक चूक म्हणजे दहापट डोस, आणि आईबाप ही दुसरी पेशंटच. मनोविकार विभागात हात रिकामे असतात आणि सगळं काम बोलण्याने, बसण्याने, वाट बघण्याने होतं. आयसीयूतून जाणाऱ्यांना तेच सगळ्यात अवघड जातं.

अर्ज करण्याआधी डायलिसिसच्या इनचार्जला भेट. पगाराचं नंतर विचार. आधी विचार की नव्या नर्सला एकटीने पेशंट द्यायच्या आधी किती आठवडे सोबत ठेवतात, शिकवणारी व्यक्ती ठरलेली असते की ज्या दिवशी जी मोकळी ती, एका नर्सकडे किती मशीन असतात, रात्रीच्या इमर्जन्सी डायलिसिसची कॉल ड्यूटी किती महिन्यांनी सुरू होते, आणि गेल्या वर्षात किती जण सोडून गेले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना ती जर अडखळली तर तिथल्याच एका स्टाफ नर्सला बाहेर गाठून विचार. शिकवण्याची नीट सोय नसलेल्या युनिटमध्ये पहिल्या दोन वर्षांत जाऊ नये, विभाग कितीही आवडता असो. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावरून माझे अनेकांशी वाद झाले आहेत.

हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस पूर्ण असतील, पण लसीने अंगात किती संरक्षण तयार झालं ते मोजणारं अँटिबॉडी टायटर केलं आहे का? १० च्या वर हवं. डायलिसिसमध्ये रक्ताशी रोजचा संबंध, तिथे हे गृहीत धरून चालत नाही. कमी आलं तर पुढचे डोस घ्यायला आणि पुन्हा तपासायला वेळ लागतो, म्हणून आजच रक्त दे.

थोडं वाचनही कर. मूत्रपिंड काम करत नाही तेव्हा औषधं अंगात साठतात, हे आयसीयूत कळतं, पण तिथे डोस डॉक्टर आणि फार्मासिस्ट बघतात. डायलिसिसला येणारा माणूस मात्र बाहेरच्या कुठल्या तरी डॉक्टरने लिहिलेली गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्याची गोळी) घेऊन पेंगत येतो, आणि ते आधी तुला दिसतं. कुठली औषधं डायलिसिसमध्ये धुऊन निघतात आणि म्हणून नंतर द्यायची, रक्त गोठू न देणारं हेपरिन कुणाला नको, ड्राय वेट म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन काय आणि ते का चुकतं, एवढं पहिल्या महिन्यात कर. ड्राय वेटवर विशेष लक्ष दे. माणूस आजारपणात बारीक होतो आणि जुनंच वजन चार्टवर राहतं. मशीन त्या जुन्या आकड्यापर्यंतच पाणी काढतं, मांस गेल्याची जागा पाण्याने भरलेली राहते, आणि एका रात्री पेशंट धापा टाकत कॅज्युअल्टीत येतो. त्याचे कपडे सैल झालेत हे आठवड्यातून तीनदा बघणारी तूच असतेस.

आयसीयूचं विसरायची भीती असेल तर एसीएलएसचं (हृदय बंद पडलं तर करायच्या प्रगत उपचारांच्या प्रशिक्षणाचं) कार्ड चालू ठेव, दोन वर्षांची मुदत असते. आणि इनचार्ज मान्य करत असेल तर महिना-दोन महिन्यांतून एखादी ड्यूटी आयसीयूत कर. मी पहिलं वर्षभर केली. व्हेंटिलेटरची भीती त्यामुळे परत आली नाही.

आणि नाही आवडलं तर? सहा महिन्यांच्या आत नावडीचा निकाल देऊ नकोस, कारण पहिले तीन-चार महिने नवशिकी असण्याचं दुःख असतं, त्याला डायलिसिस जबाबदार नाही. सहा महिन्यांनंतरही वहीत तेच येत असेल तर परत जाता येतं. मी नऊ वर्षांनी परत गेले. फक्त दोन वर्षांत तीन विभाग असं करू नकोस. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे, पण कुठेच डोळा तयार होण्याइतकं थांबणं होत नाही.

या आठवड्यात एवढंच कर. तुझ्या सुट्टीच्या दिवशी डायलिसिसच्या इनचार्जची परवानगी काढ आणि पहिल्या शिफ्टचे पेशंट उतरून दुसऱ्या शिफ्टचे चढतात, त्या दीड तासात तिथे जाऊन उभी राहा. शांत वेळ निवडू नकोस. त्या दीड तासात सुयांच्या जागा दाबून धरलेले पेशंट असतात, बाहेर खोळंबलेले नातेवाईक असतात, मशीन निर्जंतुक होत असतं, कुणाचं तरी रक्त थांबत नसतं, आणि सगळ्यांना घाई असते. हातात काही घेऊ नकोस, फक्त बघ. बाहेर आलीस की वहीत त्या दोन ओळी लिही, आणि काय लिहिलंस ते मला कळव.